पानमळ्यांतील पंचमी

अंजनगांव सुर्जी हें नांव शाळेंतील इतिहासाच्या पुस्तकांत बहुधा एकदांच येतें. ३० डिसेंबर १८०३ या दिवशीं तेथील छावणींत दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यामध्यें तह झाला. इंग्रजांच्या बाजूनें जनरल आर्थर वेलस्ली होता. महिन्यापूर्वींच अडगांवची लढाई होऊन गेली होती, पंधरा दिवसांपूर्वीं गाविलगड पडला होता, आणि नागपूरकर भोसल्यांनीं देवगांवच्या तहानें वऱ्हाडावर पाणी सोडलें होतें. मुलांनीं तहाचीं कलमें पाठ केलीं, परीक्षा दिली, आणि तें गांव पुस्तकांतून नाहींसें झालें. दुसऱ्या पानावर त्याचा उल्लेख नाहीं.

परंतु गांवाचा स्वतःचा इतिहास तहनाम्यांत सांपडत नसतो. सातपुड्याच्या पायथ्याला, शहानूर नदीच्या कांठीं असलेल्या या गांवाला ज्या वस्तूनें पिढ्यान् पिढ्या पोसलें, ती तळहाताएवढी, हिरवी आणि तोडल्यावर थोड्याच दिवसांत सडूं लागणारी आहे. ती वस्तु म्हणजे विड्याचें पान. तह करणारे आले आणि गेले. पानमळे त्यापूर्वीं होते आणि त्यानंतरहि राहिले. त्या मळ्यांत वर्षांतून एक दिवस असा येतो कीं ज्या दिवशीं एकाहि पानाला हात लावावयाचा नसतो. श्रावण शुद्ध पंचमीचा तो दिवस, म्हणजे आपली घरोघरची नागपंचमी, हाच या भाषणाचा विषय आहे.

पानमळा ही शेती खरी, पण तिच्यांत नांगरणी-पेरणीपेक्षां संगोपन अधिक. वेलीला ऊन सोसत नाहीं, वारा सोसत नाहीं. पाणी कमी पडलें तर ती माना टाकते आणि पाणी सांचलें तर बुंध्याशीं कुजते. म्हणून आधीं शेवरी, हादगा, पांगारा, शेवगा अशा झाडांची सावली उभी करावयाची, भोंवतीं दाट कुंपण घालून वारा अडवावयाचा, आणि मग त्या झाडांवर वेल चढवून ती हातांहातांवर बांधीत जावयाचें. पान तोडावयाचें तेंहि एक एक करून, हातानें. तोडलेलीं पानें टोपलींत रचून ठेवलीं म्हणजे काम संपलें असें नाहीं. तीं पुनः पुनः उलटावीं लागतात, आणि एक पान काळें पडलेलें दिसलें तर तें तत्काळ काढून टाकावें लागतें, नाहीं तर शेजारचीं चार पानें त्याच्या मागें जातात. ज्याच्या घरीं पानमळा आहे त्याच्या घरीं सुट्टी हा शब्द नाहीं.

वेल फार उंच गेली म्हणजे तिला खालीं उतरवितात, तिचें वेटोळें करून तें बुंध्याशीं मातींत दडपतात, आणि शेंडा तेवढा मोकळा ठेवतात. तो शेंडा नव्या जोमानें वर चढूं लागतो. या कामाला उतरण म्हणतात. ज्यानें उतरण एकदां डोळ्यांनीं पाहिली त्याला ‘नागवेल’ हें नांव कां पडलें, तें कोणाला विचारावें लागत नाहीं. ओल्या मातींत हिरवें वेटोळें पडलेलें असतें आणि त्यांतून एक शेंडा फणा काढावी तसा वर आलेला असतो. शिवाय खरे नागहि तेथें असतातच. बाहेर रखरखीत ऊन असतां जेथें बाराहि महिने गारवा आणि ओल आहे, जेथें बेडूक आहेत, उंदीर आहेत, तेथें साप येणार नाहीं तर कोठें जाईल? आणि त्याच काळोख्या सावलींत पान तोडणारा माणूस रोज वांकून हात घालीत असतो, तोहि अनवाणी. कारण पादत्राणें घालून मळ्यांत शिरूं नये, अशी जुनी रीत आहे. ही रीत श्रद्धेची आहे यांत शंका नाहीं. मात्र वेलीचा बुंधा कुजविणारा रोग मातीबरोबर आणि पाण्याबरोबर पसरतो, हें कृषिशास्त्रानें मागाहून सांगितलें. तेव्हां जोड्याला चिकटलेला परक्या मळ्यांतील चिखल बाहेर ठेवणें शहाणपणाचेंहि होतें.

पानमळे करणारा समाज म्हणजे बारी समाज. त्याच्या नागपंचमीची जी लेखी नोंद झाली ती एका मोठ्या ग्रंथांत. १९१६ सालीं रॉबर्ट व्हेन रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांचा मध्यप्रांतांतील जातिजमातींविषयींचा चार खंडांचा ग्रंथ लंडन येथें प्रसिद्ध झाला. वऱ्हाड प्रांत १९०३ पासून मध्यप्रांताला जोडलेला होता, म्हणून येथील लोकहि त्या ग्रंथांत आले. रसेल साहेबांना मात्र आपला ग्रंथ प्रसिद्ध झालेला पाहावयास मिळाला नाहीं. पहिल्या महायुद्धांत, ३० डिसेंबर १९१५ रोजीं, ते ज्या ‘पर्शिया’ नांवाच्या बोटींत होते ती भूमध्य समुद्रांत पाणबुडीनें बुडविली. तारखेचा योग विलक्षण, कीं ती अंजनगांवच्या तहाचीच तारीख. योगापलीकडे त्यांत कांहीं नाहीं.

त्या ग्रंथांतील नोंद अशी आहे. पंचमीच्या दिवशीं बारी लोक फुलें, नारळ आणि इतर पूजासाहित्य घेऊन मळ्यांत जातात. तेथें शेषाच्या नांवानें मांडलेला एक दगड असतो, त्याची पूजा होते. त्या काळीं बकरा किंवा मेंढा बळी देण्याची चालहि होती. नाग येऊन प्यावा म्हणून दुधाची वाटी मळ्यांत ठेवावयाची, आणि घरीं परत यावयाचें. त्या दिवशीं मळ्यांतील एकहि पान तोडावयाचें नाहीं. आपल्या जातीच्या माणसाला नाग दंश करीत नाहीं, असा त्या लोकांचा विश्वास असल्याचेंहि ग्रंथकारांनीं लिहून ठेविलें आहे.

या नोंदींतील फुलें, नारळ, दूध हीं सर्वत्र सांपडतील. एरवीं न सांपडणारी गोष्ट ती शेवटची. श्रावण हा व्रतवैकल्यांचा महिना. घरोघरीं पूजा, पूजेला विडा, विड्याला पान. बाजारांत पानाला मागणी असते नेमक्या त्याच दिवसांत मळेवाला एक दिवस हात आंखडून घेतो. पान हें धान्याप्रमाणें कोठारांत राहत नाहीं. गेलेला दिवस गेलाच. देवाला नारळ देणें सोपें आहे. एक दिवसाची मिळकत देणें, आणि तीहि प्रतिवर्षीं, न चुकतां, यास खरें व्रत म्हणावें.

विड्याची वेल पृथ्वीवर कशी आली याची जी कथा बारी लोकांत चालत आली, ती त्याच ग्रंथांत आहे. भारतीय युद्ध संपून पांडव हस्तिनापुरीं आले तेव्हां त्यांना विड्याचीं पानें हवीं झालीं. पृथ्वीवर तर पान नव्हतें. तेव्हां त्यांनीं पाताळांत नागांच्या राज्यांत दूत धाडला. वासुकीच्या राणीनें आपल्या करंगळीचें पहिलें पेर तोडून दूताच्या हातीं दिलें. दूतानें तें आणून पृथ्वीवर लावलें, आणि त्यांतून वेल उगवली. म्हणूनच या वेलीला फूल नाहीं, बीं नाहीं. तिचीं पेरें तोडून लावलीं कीं नवी वेल होते.

कथा रचणारा पुरुष कोणीहि असो, त्याची नजर मळेवाल्याची होती. मराठींत बोटाचें तें पेर आणि वेलीचें किंवा उसाचें तेंहि पेर. एका शब्दांत ही सारी कथा सांठविली गेली आहे. वनस्पतिशास्त्रहि तिला फारसें खोडून काढीत नाहीं. विड्याच्या वेलींत नर आणि मादी हीं झाडें वेगळीं असतात, मळ्यांत तिला फुलोरा क्वचित् येतो, आणि लागवड कांड्यांपासूनच होते. अर्थात् मळ्यांतील वेली या एकमेकींच्या बहिणी नव्हेत, तर बहुधा एकाच वेलीचें पसरत गेलेलें शरीर होय. त्यामुळें रोग आला म्हणजे तो निवड करीत बसत नाहीं. पावसाळ्यांत बुंधा कुजूं लागला कीं पाहतां पाहतां ओळीच्या ओळी बसतात. पंचमी येते ती नेमकी याच ओल्या, धोक्याच्या काळांत. राणीनें दिलेलें पेर तिनें परत मागूं नये, ही भीति त्या पूजेंत असल्यास नवल नाहीं.

दुधाच्या वाटीविषयीं एक गोष्ट सांगणें भाग आहे. साप दूध पीत नाहीं. तें त्याचें अन्नच नव्हे. गारुड्याच्या टोपलींतला नाग दूध पितो असें जें दिसतें तें त्याला कित्येक दिवस तहानेला ठेविल्यामुळें. सांगली जिल्ह्यांतील बत्तीस शिराळ्याला जिवंत नाग पकडून त्यांची पूजा व मिरवणूक करण्याची प्रथा होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें साप पकडण्यावर बंधनें आलीं आणि पुढें तो प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. बारी लोकांच्या पूजेला या कायद्याची झळ लागण्याचें कारण नव्हतें. त्यांनीं नागाला कधीं पकडून आणलेंच नाहीं. त्याच्या वाटेवर वाटी ठेवावयाची आणि आपण निघून जावयाचें. प्यावें न प्यावें हा त्याचा प्रश्न. पूजेची ही तऱ्हा अधिक सभ्य आहे.

आतां मळ्यांतून घरांत येऊं. सर्पपूजा ही मूळचीच घरगुती आहे. गृह्यसूत्रें म्हणजे घरांतील कर्मांचीं सूत्रें, आणि त्यांत सर्पबलि सांगितला आहे. श्रावणी पौर्णिमेस त्याचा आरंभ करावयाचा आणि मार्गशीर्षापर्यंत तो चालवावयाचा. तोंवर घरच्या माणसांनीं उंच शय्येवर निजावयाचें, आणि मार्गशीर्षांत विधिपूर्वक पुन्हां जमिनीवरच्या अंथरुणावर उतरावयाचें. पावसाळ्यांत बिळांत पाणी शिरतें, साप कोरडी जागा शोधीत घरांत येतो, माणूस जमिनीवर निजलेला असतो, हें ज्यांनीं पाहिलें त्यांनीं हें सूत्र लिहिलें. त्यांत धर्म किती आणि खबरदारी किती याची वांटणी करूं जाणें व्यर्थ आहे.

पुढें हें सारें एका पंचमीवर येऊन ठेपलें. पाटावर किंवा भिंतीवर गंधानें, हळदीनें नाग काढावयाचा, लाह्या-दूध दाखवावयाचें, आणि त्या दिवशीं चिरणें नाहीं, तळणें नाहीं, खणणें नाहीं, चुलीवर तवा ठेवणें नाहीं. वऱ्हाडांत त्या दिवशीं वाफेवरचे कानोले होतात, इतरत्र पुरणाचे दिंड होतात. एवढाच काय तो फरक. कहाणी सर्वांना ठाऊक आहे: नांगराच्या फाळानें नागिणीचीं पिलें मेलीं, तिनें शेतकऱ्याच्या कुळाचा सूड घेतला, आणि सासरीं गेलेल्या मुलीनें भक्तिभावानें पूजा केलेली पाहून तिचा राग निवला. शहरांतील गृहिणीच्या ओट्यावर चूल नाहीं, तिच्या नवऱ्याला नांगर ठाऊक नाहीं, तरी त्या दिवशीं तिची विळी फळीवरून खालीं येत नाहीं. हें तिनें कां पाळावें? आई पाळीत होती म्हणून, हें उत्तर खरें आहे, पण अपुरें आहे.

साप बिळाबाहेर येण्याचा दिवस घरांत पाळणारे लोक केवळ आपल्याकडेच झाले असें नाहीं. युरोपच्या वायव्य टोंकाला, आयर्लंड आणि स्कॉटलंड या देशांत, केल्ट वंशाच्या लोकांमध्यें फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेस एक सण होता. त्याचें जुनें नांव इम्बोल्क. इसवी सन ९०० च्या सुमारास रचलेला एक आयरिश शब्दकोश कॉर्मॅक नांवाच्या राजाच्या नांवावर चालतो. त्यांत या शब्दाचा संबंध मेंढीच्या दुधाशीं लाविला आहे, कारण कडक हिवाळ्यानंतर मेंढ्या विऊन घरांत पुन्हां दूध येतें तें त्याच सुमारास. ही व्युत्पत्ति आजचे पंडित एकमुखानें मान्य करीत नाहींत. पण दुधाची आठवण त्या सणाला होती एवढें त्यावरून ठरतें. त्या दिवसाची देवता ब्रिजिद. त्याच कोशांत ती कवींची देवता म्हटली आहे, आणि ख्रिस्ती धर्म आल्यावर त्याच नांवाच्या साध्वीचा तो दिवस झाला. किल्डेअर येथें त्या साध्वीचा अग्नि जोगिणी अखंड तेवत ठेवीत असत, असें बाराव्या शतकांतील एका प्रवाशानें लिहून ठेविलें आहे.

तिकडील वर्षगणनाहि आपल्याला अगदींच परकी वाटणार नाहीं. १८९७ सालीं फ्रान्समधील कोलिन्यी गांवाजवळ केल्टांच्या एका पंचांगाचे कांशाच्या पत्र्याचे तुकडे सांपडले. त्यांत पांच वर्षांचें एक चक्र आहे, महिन्याचे दोन भाग पाडलेले आहेत, आणि चक्रांत दोन अधिक महिने घातलेले आहेत. वेदांगज्योतिषांतील पांच वर्षांचें युगहि दोन अधिक मासांचेंच. यावरून कोणी कोणाचा शिष्य ठरविण्याची घाई करूं नये; चंद्र दोघांनाहि एकच होता, आणि त्यानें दोघांना एकच अडचण घातली.

सण होत असे तो मात्र घरांत. १७०३ सालीं मार्टिन मार्टिन नांवाच्या गृहस्थानें स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांत तो सांगतो कीं घरची मालकीण आणि मोलकरणी ओटधान्याची एक पेंढी घेऊन तिला बायकी वस्त्रें नेसवितात, मोठ्या करंडींत निजवितात, जवळ एक लांकडी सोटा ठेवतात, आणि ब्रीद आली, तिचें स्वागत असो, असें तीनदां म्हणतात. सकाळीं उठून चुलीतली राख पाहावयाची. तींत सोट्याचा ठसा दिसला तर वर्ष भरभराटीचें. आपल्याकडे भाद्रपदांत महालक्ष्म्या आणतांना उंबरठ्यापासून पावलें काढून जे प्रश्नोत्तर होतें, तें ज्या बायकांनीं केलें आहे त्यांना ही बेटावरची मालकीण शेजारीण वाटेल.

सापाची गोष्ट १९०० सालीं बाहेर आली. अलेक्झांडर कार्मायकेल यानें स्कॉटलंडच्या डोंगराळ भागांतून आणि बेटांतून जमविलेलीं गेलिक भाषेंतील गाणीं आणि मंत्र दोन खंडांत छापले. ब्रीदच्या दिवशीं साप बिळांतून बाहेर येतो, आणि घरांतून त्याला उद्देशून कांहीं शब्द म्हणावयाचे असतात, कीं आम्ही तुला त्रास देणार नाहीं, तूंहि आम्हांला देऊं नकोस. एका घरीं तर मोज्यांत पीटचें, म्हणजे तिकडच्या जळाऊ मातीचें, ढेंकूळ घालून तें उंबरठ्यावर कुटीत हे शब्द म्हटले जात. सापाशीं करार करावयाचा, आणि तो उंबरठ्यावर करावयाचा. अंजनगांवच्या मळ्यांतील वाटीचा अर्थ याहून निराळा काय आहे? तेथें साप बाहेर पडे तो थंडी सरली म्हणून, येथें पडतो तो पाऊस झाला म्हणून. ऋतु वेगळा, भीति एक, सौजन्यहि एक.

आज इंग्लंड-अमेरिकेंतील शहरांत अशीं अनेक घरें आहेत कीं जीं जुन्या केल्ट सणांचें हौसेनें पुनरुज्जीवन करतात. पहिल्या फेब्रुवारीस मेणबत्त्या लावतात, दुधाचे पदार्थ करतात, लव्हाळ्याच्या काड्यांचा ब्रिजिदचा क्रूस विणतात. आयर्लंडमध्यें तर २०२३ पासून या दिवसानिमित्त सार्वजनिक सुट्टी मिळूं लागली. या लोकांना हंसणें सोपें आहे, कारण त्यांच्या घरांत मेंढी नाहीं आणि दाराशीं साप नाहीं. पण मुंबई-पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर पाटावर नाग काढणाऱ्यांनीं तरी त्यांना हंसूं नये. दोघांचीहि स्थिति सारखी आहे: व्यवसाय सुटला, सण राहिला. फरक असलाच तर एवढा कीं त्यांचा धागा मध्यें तुटला आणि पुस्तकांवरून पुन्हां जोडावा लागला. आपला अद्याप हातांत आहे.

अंजनगांवांत हा प्रश्न हौसेचा नाहीं. पूर्वीं होते तितके पानमळे आतां तेथें राहिलेले नाहींत. विहिरींचें पाणी खोल गेलें. मजुरी वाढली. रोगानें बसलेला मळा पुन्हां उभा करण्यास सावलीच्या झाडांपासून आरंभ करावा लागतो, आणि तेवढा धीर व तेवढें भांडवल प्रत्येकाजवळ नसतें. बाजारांत बंगालकडचीं पानें आलीं. विड्याच्या जागीं गुटख्याची पुडी आली. महाराष्ट्रांत २०१२ सालीं तिच्यावर बंदी झाली, पण तेवढ्यानें विडा परत आला नाहीं. कित्येकांनीं संत्र्याची बाग लावली, केळी लावल्या. कित्येकांनीं पानपिंपळीवर भर दिला. तीहि वेलच, विड्याच्या पानाच्याच कुळांतली, औषधाला लागणारी, आणि तिला पाहिजे असलेली सावली व ओलावा पानमळेवाल्याला आधींपासून ठाऊक असलेला. आणि कित्येकांचीं मुलें शिकून अमरावती-नागपुराकडे गेलीं.

ज्या बारी घराचा मळा गेला तें घर पंचमीला काय करील? पाटावर नाग निघेल, कानोले होतील, दुधाची वाटीहि भरेल. पुढें ठेवण्यास पान लागेल तें बाजारांतून विकत येईल, म्हणजे तें दुसऱ्या कोणीतरी तोडलेलें असेल. आणि न तोडण्याचें व्रत? तोडावयाला वेलच नसेल तर न तोडण्याला अर्थ कसा राहावा? शहरांतील गृहिणीनें विळी फळीवर ठेवली तर तिचें त्या दिवशीं थोडें तरी अडतें. तेवढ्यापुरतें तिचें व्रत जिवंत आहे. मळा गेलेल्या बाऱ्याजवळ तेवढीहि अडचण उरत नाहीं. स्कॉटलंडच्या बेटांवरचे तें सापाचे शब्द कार्मायकेलनें टिपून घेतले तेव्हां म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीं उरले होते. तिकडे शब्द राहून पोट भरण्याची रीत गेली. येथें अद्याप मळे आहेत, थोडे असोत, आणि त्यांत वांकणारे हात आहेत. मळ्यांतील शेषाच्या दगडाला शेंदूर लागतो तो अजून मळेवाल्याच्या बोटानें लागतो, इतिहास लिहिणाराच्या नव्हे.

अशा मळ्यांत पंचमीचा दिवस निःशब्द जातो. पाऊस पडला तर पानांवर पडतो, तेवढाच आवाज. षष्ठीला उजाडतांच मळेवाला कुंपणाचें फाटक उघडतो, जोडे बाहेर काढून ठेवतो, आणि टोपली खालीं टेंकण्यापूर्वीं दगडाजवळची वाटी पाहतो. तींत पावसाचें पाणी सांचलेलें असतें, कडेला मुंग्या असतात. ती वाटी तो विसळतो, कुंपणाच्या काटकीवर पालथी घालतो, आणि पहिल्या ओळींत शिरून पान तोडूं लागतो.